यात आदिवासी कुठे आहे?

“आईंना सांग, ब्लाउज नको.”

निखिल सर माझ्या कानाशी येऊन बोलले. हळू आवाजात, अगदी सभ्यपणे. पाणी मिळेल का विचारावं तसं.

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, “सर?”

“पूर्वी नव्हत्या ना घालत तुमच्या बायका. जुने फोटो बघ. नुसतं लुगडं आणि खांद्यावरून पदर. मागून घेऊ आपण शॉट. फक्त पाठ. काही दिसणार नाही, खूप सुंदर वाटेल.”

आमच्या दोन खोल्यांत तेव्हा सर होते, कॅमेरावाला होता, आवाज घेणारा होता, सरांची एक असिस्टंट मुलगी होती. दारात शेजारची पोरं. बाप बाहेर ओट्यावर. आणि माझी आई चुलीपाशी उभी. चूल आमची नव्हती. आमच्याकडे गॅस आहे. तो मागच्या खोलीत सरकवून, तीन विटा मांडून चूल त्यांनीच केली होती. फ्रिजवर चादर टाकली होती. टीव्हीपुढे सूप उभं केलं होतं.

आईला मराठी येतं, हिंदी येतं, कामापुरतं इंग्रजीही कळतं. तिने ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला काय सांगते, याची वाट बघत होती.

मी सरांना नाही म्हटलं नाही, आईलाही काही सांगितलं नाही.  जमिनीकडे बघितलं तर कालच सारवलेली जमीन. ती सारवायलाही त्यांनीच सांगितलं होतं. लाद्यांवर शेण.

आई स्वतःच आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा जुनं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेली, आणि अंगात ब्लाउज. हूक वरपर्यंत लावलेले.

“चालेल, चालेल,” सर हसून म्हणाले.

मग ती असिस्टंट पुढे झाली. तिने आईला न विचारता ब्लाउजच्या बाह्या आत दुमडल्या, पदर ओढून वर पसरला, हनुवटीला धरून तोंड उजेडाकडे वळवलं. कपड्यांच्या दुकानात पुतळ्याला करतात तसं. आईही पुतळ्यासारखी उभी राहिली.

पुढे तिला तांदूळ कांडायला बसवलं. पाड्यात एकाच्या मागच्या दारी उखळ उलटं पडलं होतं, ते धुऊन आणलं. साळ कुठून आणणार? आमच्याकडे रेशनचा तांदूळ येतो. तोच टाकला. माझी आई कांडलेला तांदूळ कांडत होती. सर म्हणत होते, “ब्युटिफुल. आई, अजून एकदा.”

आणि फिल्म माझी होती. खाली नाव माझं येणार होतं.

आम्ही वारली. बोरिवली पूर्वेला जंगलाच्या कडेला आमचा पाडा आहे. आमची माणसं इथे आधीपासून आहेत, टॉवर नंतर आले. पण कॉलेजात हे सांगायची माझी छाती नव्हती. कोणी विचारलं कुठे राहतेस, की मी म्हणायचे, बोरिवली ईस्ट. बस. घरी ये म्हणून मी कोणाला कधी म्हटलं नाही. स्कॉलरशिपच्या यादीत माझं नाव बघून एका मैत्रिणीने विचारलं होतं, “तू ट्रायबल? वाटत नाहीस हं अजिबात.” ती कौतुकाने म्हणाली होती. मी तिला थँक यू म्हटलं. घरी येऊन जेवले, झोपले, तरी ते थँक यू घशात होतं.

म्हणून अंधेरीतल्या एका संस्थेने आदिवासी तरुणांसाठी शॉर्ट फिल्मची कार्यशाळा काढली, तेव्हा मी गेले. वाटलं, तिथे तरी ट्रायबल वाटायचं-न वाटायचं नसेल. आम्ही सगळे आपापल्या पाड्यांवरून आलेलो. मुलुंडच्या डोंगरातला सुनील माझा तिथलाच मित्र. निखिल सर शिकवायला. सर वाईट होते असं मला म्हणायचं नाही. कॅमेरा कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा, गप्प बसून माणसाकडे कसं बघायचं, हे त्यांनीच शिकवलं. “तुमची गोष्ट तुम्हीच सांगा,” हे ते रोज म्हणायचे. मी विश्वास ठेवला.

मी माझ्या आईवर फिल्म केली. आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो. धवलेरी असते. बाई. ती गाण्यातून लग्न लावते, ती गायली नाही तर लग्न लागत नाही. माझी आई धवलेरी आहे. तिच्या आवाजावर आमच्या पाड्यातले किती संसार उभे आहेत. आणि तीच आई अंधेरीच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये हाउसकीपिंगला आहे. निळा कुर्ता, निळी पॅन्ट, खिशावर कंपनीचं नाव.

चुलत भावाच्या लग्नात मी मोबाईलवर तिचं गाणं घेतलं. लग्न लावून आई तशीच ड्युटीवर गेली. मी तिच्या मागे गेले. रस्त्याच्या पलीकडे उभी राहून तिला शूट केलं. ती आतून दाराची काच पुसत होती. बोटं हळदीने पिवळी. आत येणारी माणसं तिच्याकडे न बघता तिने धरलेल्या दारातून जात होती. या चित्रावर मी लग्नातला तिचा आवाज ठेवला. दुसरं काही नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी नीट केलं, असं मला वाटलं होतं.

सरांनी सगळ्यांसमोर ती बघितली. दिवे लावले. थोडा वेळ पेनाशी खेळले.

“टेक्निकली छान आहे,” ते म्हणाले. “पण यात आदिवासी कुठे आहे?”

मी म्हटलं, “सर, ती माझी आई आहे.”

“ते बरोबर आहे गं. पण दिसत नाहीये ना. हे हाउसकीपिंग म्हणजे कोणीही असू शकतं. फेस्टिव्हलमध्ये लोक काय बघायला येतात? तुमचं जगणं. जंगल, नातं, माती. हे तर सगळीकडे आहे.”

कोणी हसलं नाही. सगळे आपापल्या मोबाईलकडे बघू लागले, कारण पुढची पाळी त्यांची होती. सुनीलने गल्ली क्रिकेटवर केलं होतं. आदिवासी पोरांची टीम, उतारावरचं मैदान, बॉल खाली गेला की नाल्यातून आणायचा. त्याला सरांनी विचारलं, “तिरंदाजी करता का तुम्ही?” सुनील म्हणाला, “नाय सर.” तरी त्यांनी धनुष्य आणलं. नाटकाचं सामान भाड्याने देतात तिथून. सुनीलने ते उलटं धरलं होतं.

माझी फिल्मही त्यांनी नव्याने घ्यायची ठरवली, आणि असे निखिल सर आमच्या घरी आले. पुढचं मी सांगितलंच.

फिल्म दाखवायचा कार्यक्रम अंधेरी वेस्टच्या एका हॉलमध्ये होता. एसी हॉल, खुर्च्यांना मखमल. बाहेर टेबलावर आमच्या वारली चित्रांच्या पिशव्या, कागदी कपात कॉफी. मी पुढच्या रांगेत. आईला मी म्हटलं होतं, ड्युटी संपली की सरळ ये. साडी नेसायला घरी गेलीस तर उशीर होईल. बाप आला नाही. त्याला त्या शूटिंगच्या दिवसानंतर सरांचं नावही नको होतं.

दिवे गेले. आई आली नव्हती.

माझी फिल्म सुरू झाली. पडद्यावर जंगल, धुकं, बासरी. आमच्यात बासरी कोण वाजवतं मला माहीत नाही. मग एका पुरुषाचा भारदस्त आवाज. “ती जंगलाची लेक आहे. तिला शहर ठाऊक नाही.” आणि माझी आई. भिंतीएवढी. कांडलेला तांदूळ कांडणारी. दुमडलेल्या बाह्यांखाली तिचे दंड, त्यांच्यावर लावलेला लाईट. रोज बस बदलून अंधेरीत येणारी माझी आई, तिला शहर ठाऊक नाही. लग्नाचं गाणं होतं, पण मागे, बासरीखाली. शब्द कळत नव्हते. काच कुठेच नव्हती.

शेजारची बाई कुजबुजली, “किती निर्मळ असतात ना ही माणसं.”

मला बसवेना. वाकून बाहेर आले. वाटलं, आई रस्ता चुकली की काय. फोन लावला. तिच्या मोबाईलची रिंग जवळच वाजली. लेडीज टॉयलेटमधून.

मी दार ढकललं. आई खाली वाकून वायपरने पाणी ओढत होती. पॅन्टचे पाय वर दुमडलेले. पर्स खिडकीत ठेवलेली. फोन पर्समध्ये वाजतोय, तिचे हात ओले.

“आये, काय करतेस?”

“ती पोरगी बोलली. पाणी सांडलंय बोलली.” आईने कपाळावरचा घाम दंडाने पुसला. “झालंच. तुझं चालू झालं का?”

ती पोरगी म्हणजे दारावरची व्हॉलंटियर. गळ्यात कार्ड, कार्डवर आमच्या चित्रातली नाचणारी माणसं. आई जिना चढून आली, तर तिने निळा ड्रेस बघितला आणि म्हणाली, “आंटी, बरं झालं आलात. लेडीज टॉयलेटमध्ये पाणी झालंय, प्लीज जरा.” आईने सांगितलं नाही, मी बघायला आलेय. का नाही सांगितलं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. मला माहीत आहे. तिच्या जागी मी असते तर मीही नसतं सांगितलं.

भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. फिल्म संपली होती. पडद्यावरच्या आईला टाळ्या पडत होत्या आणि आई पाणी ओढत होती.

मी वायपर तिच्या हातातून काढून घेतला. तिला धरून आत नेलं. सरांनी तेवढ्यात माझं नाव घेतलं होतं. मी आईला घेऊनच स्टेजवर चढले. सर माइकवर म्हणाले, “या आपल्या तरुण दिग्दर्शिका. आणि आई? आई नाही का आल्या आज?”

आई त्यांच्यासमोर उभी होती. हाताच्या अंतरावर. तिच्या घरात ते दिवसभर होते, तिच्या हातचा चहा प्यायले होते. ते तिच्या खांद्यावरून मागे बघत होते.

मी म्हटलं, “सर, ही काय.”

“अरे!” ते हसले. “अगं, आधी सांगायचं ना, साडीची सोय केली असती.” मग लोकांकडे वळून, “मित्रांनो, आपल्या पडद्यावरच्या आई! आई, दोन ओळी गाऊन दाखवाल? तेच गाणं, फिल्ममधलं.”

आईपुढे माइक आला. तिने माइककडे बघितलं, मग सरांकडे.

“कोणाचं लगीन हाय?” तिने विचारलं.

हॉल हसला. प्रेमाने हसला. “सो स्वीट,” कोणीतरी म्हणालं. आईने काही गंमत केली नव्हती. लग्न नसेल तर ते गाणं गात नाहीत, म्हणून तिने सरळ विचारलं होतं. लोक का हसतात, तिला कळेना. ती पण थोडी हसली. हसणाऱ्यांत आपण हसलो नाही तर बरं दिसत नाही, म्हणून.

ते हसू मी बघितलं. तसलंच हसू मी कॉलेजात हसत होते.

मी माइक घेतला.  मी म्हटलं, “ही फिल्म माझी नाही. यातली चूल खोटी आहे, जमीन खोटी आहे, बासरी खोटी आहे. माझी आई अंधेरीत काच पुसते. तुमच्यातले रोज तिने धरलेल्या दारातून जात असतील. तुम्ही आत्ता तिला टाळ्या वाजवत होता, तेव्हा ती बाहेर तुमचा संडास पुसत होती. तुमच्याच माणसाने तिला पुसायला लावलं. माझं नाव काढा यातून.”

 मला वाटलं, आता कोणीतरी उठेल, भांडेल, हाकलून देईल. मला ते चाललं असतं.

एकाने टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळे उभे राहिले. मोबाईल वर झाले. पुढच्या रांगेतली बाई डोळे पुसत होती. “ब्रेव्ह,” ती म्हणत होती. सरसुद्धा टाळ्या वाजवत होते.

माझ्या रागालाही टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी उभी होते आणि पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

बाहेर पडलो. दारावरची ती व्हॉलंटियर रडत पुढे आली, “सॉरी आंटी, मला माहीत नव्हतं.” आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याशी मात्र बोलली नाही. 

बसस्टॉपवर म्हणाली, “घरी सांगू नको.”

“काय?”

“मी पुसलं ते. तुझ्या बापाला सांगू नको.”

मी म्हटलं, “आये, लाज त्यांना वाटायला पाहिजे. तुला कशाला?”

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. बस येते त्या बाजूला बघत म्हणाली, “त्या एका पोरीनं मला बघितलं होतं. तू सगळ्या हॉलला दाखवलंस.”

 

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन. स्टेजवरची माझी क्लिप खूप फिरत होती. सर रागावलेले नव्हते, उलट खूश. “तुझा राग मी समजू शकतो. त्यावर एक चर्चा ठेवतोय आपण. तू ये, बोल. आईंनाही आण.” मग थोडं थांबून, “त्या ड्रेसमध्येच आणलंस तरी चालेल.”

मी म्हटलं, “आधी ती फिल्म काढा.”

“असं कसं काढणार? आईंनी संमती दिलीय, सही आहे. आणि आता ती फिल्म तुझी-माझी राहिली नाही गं. सगळ्यांची झालीय.”

मी फोन ठेवला. फिल्म आहे अजून. कोणीही बघू शकतं. खाली लोक लिहितात, हे खरं जगणं.

त्या दिवशी मी मोबाईल घेऊन आईजवळ बसले. मी मूळ घेतलेलं सगळं तिला दाखवलं. लग्नातलं गाणं, आणि काच. गाणं बघताना ती स्वतःशीच मान हलवत होती. काच आली तशी तिने मोबाईल हातात घेतला, जवळ धरला.

मी विचारलं, “ठेवू का पुसू?”

असं मी तिला पहिल्यांदा विचारत होते.

“लग्नाचं ठेव,” ती म्हणाली. “हे पुस. आमच्या सुपरवायझरनं बघितलं तर काम जाईल.”

मी आयुष्यात केलेला सगळ्यात चांगला शॉट. सरांनी तो कापला, कारण त्यांना त्यात आदिवासी दिसला नाही. आणि मी तो जगाला दाखवायला निघाले होते, तेव्हा मला त्यात आईची नोकरी दिसली नव्हती. मी तिच्यासमोर डिलीट केला. तिने परत मोबाईल घेऊन बघितलं, खरंच गेलाय का. मग भाजी निवडायला बसली.

तेव्हापासून मी आणि सुनील मिळून फिल्म करतो. आमच्या मोबाईलवर. ज्याचं घेतलं त्याला बसवून दाखवतो, विचारतो. नको म्हटलं की त्याच्यासमोर पुसतो. लोक खूप वेळा नको म्हणतात. म्हणून फिल्म पुढे सरकत नाही. सुनील वैतागतो, “असं करत बसलो तर काय उरणार गं आपल्याकडे?” मी म्हणते, जे उरेल ते.

मध्ये एक टीम पाड्यात आली. कॉलेजची पोरं, चांगल्या घरची, मोठा कॅमेरा. एका म्हातारीच्या ओट्यासमोर स्टँड लावून मोकळी झाली. म्हातारी दाणे पाखडत होती, तिने नुसतं वर बघितलं. मी मधे जाऊन उभी राहिले.

“कोणाला विचारलं?”

“ताई, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत,” त्यातला एक म्हणाला. “तुमचे प्रश्नच मांडतोय.”

“मग कॅमेरा बॅगेत टाका आणि बसा तिच्याजवळ. ती हो म्हणाली तर काढा. नाही म्हणाली तर दाणे पाखडायला मदत करा आणि जा.”

ते बसले नाहीत. गेले. म्हातारी मलाच ओरडली, पोरांना हाकललंस म्हणून. तिला गप्पा मारायला कोणी नसतं. संध्याकाळी बापही बोलला, दर वेळी भांडायलाच पाहिजे का. पाड्यात मला आता आगाऊ म्हणतात. आईने अजून मला तिचं दुसरं काही शूट करू दिलेलं नाही. मी कॅमेरा काढला की ती उठून आत जाते. मी तिच्या मागे जात नाही.

मला लाज वाटते. अजून वाटते. ती फिल्म कोणी बघितली असेल असं वाटलं की अनोळखी माणसासमोरही मान खाली जाते. ही लाज जाईल म्हणून मी वाट बघत थांबणार नाही. मान खाली असली तरी तोंडाने नाही म्हणता येतं.

परत कोणी येईल. चांगलाच माणूस येईल, हळू बोलणारा, आमच्यावर खरंच प्रेम असलेला. त्याला मी पाड्याच्या तोंडाशीच अडवणार. त्याने कितीही सभ्यपणे मागितलं, पाड्यातलीच माणसं माझ्यावर चिडली, तरी अडवणार. आमच्यातल्या बाईच्या पदराला हात लावायच्या आधी तिला विचारावं लागेल, आणि ती बोलेपर्यंत उभं राहावं लागेल. उन्हात, बॅग खांद्याला लावून, जेवढा वेळ ती घेईल तेवढा.